खालचं बिऱ्हाड

आमच्या घरात आवाज खालून यायचे. एरवी माणसं वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या नावाने बोटं मोडतात, आमचं उलटं होतं. सकाळी बाबांचं कॉफीचं यंत्र घुरघुरायला लागायच्या आधीच खालून भांड्यावर भांडं आदळायचं, मग पुरुषी खोकला, मग नळ, आणि मग जिन्यातून वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास सरळ आमच्या स्वयंपाकघरात. आई शेगडीपुढे डब्याची भाजी परतत उभी असायची. वास आला की मागे न बघता म्हणायची, "उठली हनान." ज्या दिवशी वास यायचा नाही त्या दिवशी ती जिन्याच्या दारापर्यंत जायची, कान द्यायची आणि परत यायची. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मला अर्धी काळजी शाळेच्या बसची आणि अर्धी स्वतःच्या केसांची असायची, तरी तो वास आला नाही की मलाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

हॅनोव्हरपासून रिजनल ट्रेनने पाऊण तासावर आमचं गाव. एक चर्च, दोन बेकऱ्या, एक प्राथमिक शाळा, आणि बाबा जिथे काम करायचे तो गिअरबॉक्सचा कारखाना. बाबांना ही नोकरी लागली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि अनिकेतदादाची दहावी नुकतीच झाली होती. त्याला मार्क छान पडले होते, पुण्यात हव्या त्या कॉलेजात जागा मिळत होती, आणि जर्मनचा गंध नसताना सोळाव्या वर्षी त्याला इथल्या शाळेत घालणं म्हणजे पोराची वर्षं फुकट घालवणं, यावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं एकमत झालं. तो कोथरूडला काका-काकूंकडे राहिला. 'बारावी होऊ दे, मग बघू' असं ठरलं होतं, त्याचं पुढे 'इंजिनिअरिंग होऊ दे' झालं. आम्ही गावात घर घेतलं तेव्हा बाबांनी खालच्या मजल्यावर वेगळी जागा असलेलंच घर शोधलं. स्वतंत्र दार, दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर. "एमएसला आला की इथे राहील," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आईने तिथे पडदेसुद्धा लावून ठेवले होते. दादा एमएसला आला नाही. पुण्यातच नोकरीला लागला. दर रविवारी फोन व्हायचा. हवा कशी आहे, जेवण झालं का, काकांचा गुडघा कसा आहे, आणि मग त्याचं ठरलेलं, "बरं, ठेवतो."

फ्राऊ लोमान, म्हणजे लोमानबाई, आमच्या आयुष्यात आल्या त्या आईला जर्मन शिकवायला. निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका, उंच, पांढरे केस अगदी आखूड कापलेले, चालताना दोन्ही हात मागे बांधायची सवय. आम्ही नवे होतो तेव्हा त्या आपणहून आल्या आणि वर्षभर आपल्या स्वयंपाकघरात बसवून आईकडून क्रियापदं घोटून घेतली. आईला त्यांच्याबद्दल फार माया होती आणि थोडी भीतीही. सीरियातलं युद्ध टीव्हीवर रोज दिसायला लागलं तेव्हा फ्राऊ लोमाननी चर्चच्या हॉलमध्ये माणसं जमवली आणि 'हेल्फरक्राईस' स्थापन केला. मदत करणाऱ्यांचं मंडळ म्हणा ना. एका कुटुंबाला या गावात आणायचं, त्यांच्या राहण्याखाण्याची हमी आपण सगळ्यांनी मिळून सरकारला लिहून द्यायची, अशी एक योजना तेव्हा होती. बेकरीवाले, चर्चमध्ये गाणारी काही घरं, बाबांच्या कारखान्यातले दोघेतिघे आणि आम्ही. राहायला जागा कुठे, असा प्रश्न निघाला तेव्हा हॉलमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे खाली रिकामीच आहे." घरी येईपर्यंत आई गाडीत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर खाली गेली आणि ती जागा झाडायला लागली.

आज माझी मुलगी चार वर्षांची आहे. मी बॉनला असते, आणि तिला मराठीत काही विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. हे सगळं मराठीत लिहून ठेवते आहे, ती कधीतरी वाचेल एवढ्या आशेवर. बाबा तेव्हा हिशेबी मनाने नाही उठले, एवढं तिला कळावं. त्यांना खरोखर वाटलं होतं की रिकाम्या घरात माणसं यावीत.

युद्धातून पळून तुर्कस्तानात राहिलेली ती माणसं वसंतात आली. वालिद, त्याची बायको हनान आणि तेरा वर्षांची मुलगी रिम. यायला हवी होती चौघं. मोठा मुलगा नबील कागदपत्रं सरकता सरकता अठरा पूर्ण झाला आणि सज्ञान म्हणून कुटुंबाच्या अर्जातून वगळला गेला. तो तुर्कस्तानात, मर्सिन नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, एका शिलाईच्या कारखान्यात कामाला राहिला. फ्राऊ लोमाननी त्याच्यासाठी वेगळा अर्ज केला, हेलपाटे घातले, अधिकाऱ्यांशी भांडल्या. ते प्रकरण पुढे सरकायच्या आत ती योजनाच बंद झाली. "आल्झो, म्हणजे बरं, दुसरा मार्ग काढू," असं त्या म्हणत राहिल्या. मी त्यांना खोटं बोलताना कधी पाहिलं नाही. त्या वेळीही त्यांचा त्यावर विश्वास होता.

वालिद गावाचा लाडका झाला. तो तिकडे शाळेत खेळाचा शिक्षक होता, त्यामुळे दोनतीन महिन्यांतच इथल्या पोरांना फुटबॉल शिकवायला लागला. जर्मन पटापट उचललं. बेकरीत गेला की चार माणसांशी हात मिळवून यायचा. रिम तर शाळेत माझ्याच बसने यायची, पहिले काही महिने गप्प आणि नंतर एकदम बोलकी, माझे उच्चार सुधारण्याइतकी. हनानचं मात्र काही जमेना. ती भाषेच्या वर्गाला जायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. मंडळाच्या बायका तिला पोहायला चल म्हणायच्या, शिवणवर्गाला चल म्हणायच्या, ती हसून मान हलवायची आणि जायची नाही. मंडळाच्या उन्हाळी सहलीत सगळ्यांचा फोटो काढायचा होता, तेव्हा ती ऐनवेळी बाजूला झाली. "ती प्रयत्नच करत नाही," असं हळूहळू लोक म्हणायला लागले. आधी काळजीने, मग नुसतंच.

आईशी मात्र ती बोलायची. दोघींचं जर्मन मोडकं, क्रियापदं भलतीकडे. त्यामुळे दोघींना आडवळणाने काही बोलताच यायचं नाही. एकदा आईने आमटीसाठी चिंच भिजत घातली होती. हनान वर आली, वाडग्यात बोट बुडवून चाखलं आणि ओरडलीच, "तमर हिंदी!" हिंदुस्थानचा खजूर. त्यांच्याकडे चिंचेला तेच म्हणतात म्हणे. आई एवढी खूश झाली, की जणू तिच्या माहेरचंच कुणी भेटलं. मग दोघींच्या वाट्या जिन्यावरून खालीवर जायला लागल्या. खालून लिंबू पिळलेली मसुराची डाळ, वर कुरकुरीत तळलेला कांदा. वरून पोळ्या, कोशिंबीर, गोडाचा शिरा. शिरा वालिदला आवडायचा. हनान एक घास खाऊन म्हणायची, नबीलला हा आवडला असता.

दादाचं तिला कळलं ते असंच. भिंतीवर दादाचा कॉलेजातला फोटो होता, तो बघून तिने विचारलं, हा कोण? आईने सांगितलं, माझा मुलगा. कुठे आहे? इंडियात. केव्हापासून? आईने बोटांवर वर्षं मोजून दाखवली. हनान बघत राहिली. त्या दिवसापासून तिने आईला नावाने हाक मारली नाही. तिच्या देशात बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. ती स्वतः उम्म नबील होती, नबीलची आई. आमची आई झाली उम्म अनिकेत. "उम्म अनिकेत!" अशी हाक जिन्यातून आली की आई एक क्षण जागच्या जागी थांबायची. या घरात इतकी वर्षं ते नाव रविवारशिवाय कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात सगळं बदललं. आमच्या शाळेचा व्यायामाचा हॉल रिकामा करून तिथे खाटा मांडल्या. बसमधून माणसं उतरायची, अंगावर मिळतील ते कपडे, कडेवर पोरं. मंडळ रात्रंदिवस तिकडे राबायला लागलं, वालिद दुभाष्या म्हणून सोबत. त्या माणसांतली बहुतेक रबरी होड्यांमधून समुद्र ओलांडून आली होती. ते सगळं नबील तिकडे फोनवर बघत होता. एका दुपारी खालून हनानचा आवाज एवढा चढला की मी अभ्यासाच्या टेबलावरून उठले. नबीलने सांगितलं होतं, तो आणि त्याचे तीन मित्र इझमीरला निघणार, तिथून होडीने ग्रीसला. आता सगळेच येतायत, मीही येतो.

वालिदला ते पटलं होतं. हनानला नव्हतं. पुढचे कित्येक दिवस खालून फक्त भांडणाचा आवाज यायचा आणि कॉफीचा वास यायचा नाही. मग तिने ठरवलं. नबील समुद्रात उतरायच्या आत आपण त्याच्याकडे जायचं. होडी थांबवायचा तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. फोनवर तो ऐकत नव्हता.

रविवारी दुपारी फ्राऊ लोमान आलुबुखारचा केक घेऊन आमच्याकडे आल्या. वालिदनेच त्यांना सांगितलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसलो. बाबा, आई, फ्राऊ लोमान, वालिद, हनान, मी. आणि हनानच्या शेजारी रिम, कारण भाषांतर तिने करायचं होतं. वालिद म्हणाला होता, मी केलं तर बायको म्हणेल मी शब्द फिरवले. तेव्हा कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. आता मला स्वतःची मुलगी आहे, तर त्या टेबलावरून कुणीच कसं म्हटलं नाही की या पोरीला बाहेर जाऊ द्या, याचं नवल वाटतं.

"सहा महिने," फ्राऊ लोमान म्हणाल्या. "सांग तिला, रिम. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिली तर तिचा इथला परवाना संपेल. मग मी काहीही केलं तरी तिला परत आणू शकणार नाही."

रिमने सांगितलं. हनानने मान हलवली. तिला माहीत होतं.

"आणि नबील लहान नाही. एकोणीस वर्षांचा पुरुष आहे तो."

रिमने अरबीत सांगितलं आणि उत्तर जर्मनमध्ये आणलं. "आई म्हणते, त्या पुरुषाला पोहता येत नाही."

"सगळे येतायत," वालिद जर्मनमध्येच म्हणाला. "बायका येतायत, तान्ही मुलं येतायत. माझाच मुलगा का नाही?"

"सगळे येत नाहीत," बाबा हळूच म्हणाले.

फ्राऊ लोमाननी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "हनान, आम्ही तुमच्यासाठी जे केलं ते तुम्हाला सुरक्षित ठेवायला केलं. तू परत गेलीस तर ते कशासाठी होतं?"

हनान मग फ्राऊ लोमानकडे वळली आणि पहिल्यांदाच सलग बोलली. आवाज चढवला नाही. हात मांडीवर. बराच वेळ बोलली. वालिदने मान खाली घातली. रिमने सुरुवात केली, "आई म्हणते, ती तुमची आभारी आहे. ती म्हणते की..." आणि थांबली.

"काय म्हणते?"

"निक्स." काही नाही.

"रिम, एवढं बोलली ती."

"मला त्याला जर्मन शब्द येत नाही," रिम म्हणाली. तिचं जर्मन तोवर माझ्या आईवडिलांच्या दोघांच्या मिळून जर्मनपेक्षा चांगलं होतं. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि जिना उतरून गेली. केक कुणी कापलाच नाही.

ते लोक गेल्यावर आई भांडी घासायला लागली, स्वच्छ होती तीसुद्धा. हनानने जाताना तिला विचारलं होतं, वालिद विमानतळावर न्यायला तयार नाही, तू नेशील का? आई 'या' म्हणाली होती. जर्मन 'या', म्हणजे हो.

"तू यात पडू नकोस," बाबा म्हणाले. "आपण सही केलीय. आपण सगळ्या गावासमोर जबाबदारी घेतलीय."

"सही तुम्ही केलीत."

"म्हणजे? ती तिकडे गेली आणि काही बरंवाईट झालं तर? आणि इथे ती पोरगी आहे चौदा वर्षांची, तिचं काय?"

"तेच तर, अहो." आईने नळ बंद केला. "तिचं काय, हे मलाही कळत नाहीये. पण ती बाई चालत जाईल. स्टेशनपर्यंत बॅग ओढत, रस्ता विचारत, जाईल. तुम्ही तिला ओळखत नाही. मी ओळखते."

"मेधा, आपण अनिकेतला ठेवून आलो, ते वेगळं होतं."

आई त्यांच्याकडे वळली. "मी अनिकेतचं नावसुद्धा काढलं नव्हतं," ती म्हणाली.

बाबा बाहेर बागेत गेले आणि पानं गोळा करत बसले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये रिम माझ्या शेजारी बसली आणि अर्धा रस्ता गेल्यावर, समोरच्या सीटकडे बघत म्हणाली, "ती म्हणाली, रिमकडे तिचा बाबा आहे, तुम्ही सगळे आहात. त्याच्याकडे कुणी नाही." मग म्हणाली, "हे मी कसं सांगू? माझ्याच तोंडाने?" मी तिचा हात धरला, तो तिने थोडा वेळ धरू दिला.

हनान गेली त्या सकाळी धुकं होतं. वालिद आदल्या दिवसापर्यंत अबोला धरून होता, पण बॅग त्यानेच उचलून गाडीत ठेवली. मग गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. रिमने रोजच्यासारखं दप्तर घेतलं आणि बसथांब्याकडे निघाली. हनानने दारातून हाक मारली. पुन्हा मारली. रिम चालत राहिली, पावलं न वाढवता, अगदी रोजच्या चालीने, आणि कोपऱ्यावरून वळली. मी त्या दिवशी शाळेला गेले नाही. आईला हॅनोव्हरच्या मोटरवेवर एकटीने गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मला शेजारी बसवलं होतं.

विमानतळावर हनान आईला रिमबद्दल सांगायला लागली. आपल्या मोडक्या जर्मनमध्ये, घाईघाईने. रिम सकाळी खात नाही, खायला लाव. नखं खाते. तापाच्या गोळीने तिच्या पोटात दुखतं, अर्धी द्यायची. केसांना तेल गुरुवारी. रडायचं असेल तर अंघोळीला जाते, पाण्याचा आवाज जास्त वेळ आला तर दार वाजव. आई प्रत्येक गोष्टीला मराठीत "हो, हो" म्हणत होती. जर्मन तिला सुचतच नव्हतं. तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी दोघी एकमेकींना बिलगल्या, आणि मग हनान गेली. परतीच्या वाटेवर आईने एका विश्रांतीच्या जागी गाडी थांबवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. ती रडत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला मी घालवलं, असं रिमला वाटेल." आणि गाडी सुरू केली.

तसंच झालं. रिम वर यायची बंद झाली. बसमध्ये पुढे बसायला लागली. मंडळही दुरावलं. फ्राऊ लोमान रस्त्यात भेटल्या की थांबायच्या, विचारपूस करायच्या, पण घरी यायच्या नाहीत. बाकीचे तोंडावर काही बोलत नव्हते, पण वाणसामानाच्या दुकानात एक बाई आईला ऐकू जाईल असं दुसरीला म्हणाली, की इतक्या लोकांना यायला मिळत नाही आणि ही आपल्या पायाने परत गेली, आणि तिला नेऊन कोणी सोडलं तर यांनी. आईने दूध घेतलं, "शोनन टाग" म्हणून त्यांचा दिवस चांगला जावो असं चिंतलं, आणि बाहेर आली. बाहेर येऊन मला विचारलं, "मी बरोबर म्हटलं ना? व्याकरण?"

आणि त्याच रविवारी दादाचा फोन. आईने त्याला सगळं सांगितलं. ती फार वेळ बोलत होती, कारण मराठीत हे सगळं सांगायला तिला दुसरं कुणी नव्हतं. फोन स्पीकरवर होता. आईचं संपल्यावर दादा म्हणाला, "त्याचं वय काय म्हणालीस? एकोणीस?"

"हो रे."

"मी सोळा वर्षांचा होतो," दादा म्हणाला. रागावून नाही. मार्क सांगावेत तसं. मग नेहमीचं, "बरं, ठेवतो."

आई फोनकडे बघत बसली. बाबा समोरच होते. त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आई एकटी पुण्याला गेली. लग्न नाही, मुंज नाही, कुणी आजारी नाही. दादाच्या भाड्याच्या फ्लॅटवर तीन आठवडे राहिली. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. तो ऑफिसला जायचा, मी स्वयंपाक करायचे."

रिम वर आली ती त्याआधी, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी. बापासाठी कांदा तळताना तेल उडून तिचा हात भाजला होता आणि वालिद फुटबॉलला गेला होता. ती जिना चढून आली आणि हात पुढे करून दारात उभी राहिली. आईने तिला ओढत नळापाशी नेलं, गार पाण्याखाली हात धरला आणि सोडलाच नाही. पाणी वाहत होतं आणि रिम एकदम ओरडायला लागली. "तू तिला का नेलंस? तू गाडी का चालवलीस? तू नाही म्हणाली असतीस तर ती थांबली असती!"

आईने मोडक्या जर्मनमध्ये उत्तर दिलं. मी शेजारीच होते, पण तिने मला भाषांतर करू दिलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत नाही, बरोबर की चूक. ती गेलीच असती. एकटी गेली असती, तर आणखी वाईट. तू माझ्यावर चीड. चीड, पण खा. इथे येऊन खा." रिम तिच्या खांद्यावर कोसळली. त्या दिवसापासून ती आमच्याकडे जेवायला लागली. माफ केलं असं नाही. जेवायला लागली. एकदा जेवताना आईवर इतकी भडकली की ताट ढकलून गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

नबील होडीत बसला नाही. हनान पोचली तेव्हा तो बॅग भरून तयार होता. तिने दाराला पाठ लावून जमिनीवर बैठक मारली असं म्हणतात. त्याचे तिघे मित्र गेले आणि तिघेही धड पोचले. त्यातला एक आज हॅनोव्हरात पार्सलची गाडी चालवतो, त्याची बायको डे-केअरमध्ये शिकवते. नबील मर्सिनमध्येच शिलाईच्या यंत्रावर राहिला आणि ते त्याने हनानला विसरू दिलं नाही. हनानचा परवाना सहा महिन्यांनी गेला. वालिद पुढे हॅनोव्हरला राहायला गेला. रिमने मात्र शाळा संपेपर्यंत इथेच राहायचं ठरवलं आणि माझी खोली मी शिकायला बाहेर पडल्यावर तिला मिळाली. ती हनानशी फोनवर बोलायची ती फक्त ईदला, आणि तेही हवापाण्याचं.

जर्मन पासपोर्ट हातात पडल्यावर ती पहिल्यांदा मर्सिनला गेली. तोवर तिचं नर्सिंगचं शिक्षण झालं होतं, ती बावीस-तेवीस वर्षांची बाई झाली होती. परत आली ती थेट आमच्या गावी, आईबाबांकडे. योगायोगाने मीही होते. जेवणं झाली, बाबा आत जाऊन पडले, आणि रिम सांगायला लागली. माझी आई म्हातारी झालीय. शेजारणींना तिने माझी ओळख करून दिली, 'ही माझी जर्मनीची पाहुणी.' नबीलची बायको चांगली आहे. नबील माझ्याशी बोलताना माझ्या बुटांकडे बघायचा. शेवटच्या दिवशी टॅक्सी आली तरी आई द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती, त्या वेळी घरात कुणी जेवायलाही नव्हतं. मी म्हटलं, जाते. तिने मान वर केली नाही. पानं गुंडाळत राहिली. "एवढ्या वर्षांनी गेले," रिम म्हणाली, "आणि तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

आई टेबलावरचं सांडलेलं मीठ बोटाने गोळा करत होती. ती जर्मनमध्ये बोलली. आता तिचं जर्मन बरंच सुधारलं होतं, तरी प्रत्येक वाक्याआधी थोडी थांबायची. "अनिकेतला सोडून आम्ही निघालो तेव्हा तो दारात उभा होता," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे बघितलं नाही. पर्स उघडली, बंद केली, पासपोर्ट आहेत ना बघितलं, पुन्हा बघितलं. टॅक्सीत बसले. बघितलं असतं तर मी गेले नसते. म्हणून नाही बघितलं."

इतक्या वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं, आणि बाबांना नक्कीच नाही. मराठीत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

बॉनला परत आल्यावर मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं, आईच्या शब्दांत, जमेल तसं मराठी करून. मला वाटलं लाइन तुटली.

"दादा?"

"आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तिला विमानाची घाई आहे."